मिरकाबच्या खोलीतली ग्रामपंचायत

आमच्या बेटाच्या ग्रामपंचायतीचा इतिहास कुणी लिहायला बसलं, तर त्यातली निम्मी पानं कुवेतमध्ये, मिरकाब नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत घडलेली निघतील. त्या खोलीत राहणाऱ्या एकालाही मतदानाच्या दिवशी बेटावर जाता येत नव्हतं. तरी निवडणूक आम्हीच लढवायचो, आम्हीच जिंकायचो आणि कुणी उभं राहायचं नाही हेही आम्हीच ठरवायचो. 'आम्ही' म्हणायची सवय लागलेली आहे. खरं तर ठरवायचे अण्णा, आम्ही माना डोलवायचो.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या पोटात चहूकडून पाण्याने वेढलेली थोडीशी जमीन, तिच्यावर दोन वाड्या, एक देऊळ, चौथीपर्यंतची शाळा आणि एक दुकान. पलीकडे जायचं तर होडी. भरतीला होडी अगदी दारापर्यंत येते. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि होडीपर्यंत पोचायला मांडीभर चिखलातून जावं लागतं. लग्नाचा मुहूर्तसुद्धा आमच्याकडे भटजीच्या आधी होडीवाल्याला विचारून काढतात. एवढ्याशा जागेला स्वतःची ग्रामपंचायत आहे, याचा आम्हाला कोण अभिमान.

खोलीत आम्ही सगळे त्या एका बेटावरचे. इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा जे जॉर्डनमार्गे अंगावरच्या कपड्यानिशी मुंबईला पोचले होते, ते वर्ष-दीड वर्षात परत आले आणि येताना आमच्यासारखे नवे घेऊन आले. दुमजली पलंग, खिडकीत घरघरणारा एसी, मधे चटई, कोपऱ्यात फ्रिज आणि फ्रिजवर ग्रामदेवतेचा फोटो. अण्णा त्या खोलीतले सर्वांत जुने. शुऐबाच्या तेल कारखान्यात पाइप फिटरांचे फोरमन होते. खोली त्यांच्या नावावर होती आणि खोलीतल्या निम्म्यांचे व्हिसे त्यांनी काढले होते. माझा त्यांनीच काढला, माझ्या थोरल्या भावाचा, दादाचाही त्यांनीच. ज्याने तुम्हाला विमानात बसवलं त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. त्यामुळे तर ते जास्तच जड व्हायचं.

निवडणूक लागली की शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून सगळे चटईवर बसायचे. एरवी शुक्रवार म्हणजे कपडे धुणं, केस कापणं आणि घोरणं. त्या दिवशी मात्र अंघोळ करून बसायचं. अण्णा फोटोसमोर नारळ ठेवायचे. कोणत्या प्रभागातून कोण, हे ते एकेक करून सांगायचे. कुणी काही बोलू लागला तर म्हणायचे, "उगाच मतां फोडून काय मिळतला? बेट एक, देव एक, उमेदवार एक." मग सगळे उभे राहायचे आणि अण्णा गाऱ्हाणं घालायचे.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज हय दर्यापलीकडे तुझ्या फोटोसमोर उभी आसत. ह्येंनी जो इचार केलो हा, तो तडीक ने. जो कोण आडो येयत, तेका तूच बघून घे."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. शेजारच्या खोलीतले केरळी लोक सुरुवातीला घाबरून दार वाजवायचे.

त्यानंतर अण्णा बेटावरच्या दुकानात फोन लावायचे. तिथून निरोप गावकीला जायचा, गावकीचे मानकरी देवळात बसायचे आणि कुवेतहून आलेल्या नावांवर पुन्हा एक गाऱ्हाणं व्हायचं. देवळाची कौलं आमच्या पगारातून बसली होती, त्यामुळे मानकरी फार वाद घालत नसत. तालुक्याला तेवढेच अर्ज जायचे जेवढ्या जागा. निवडणूक बिनविरोध. पेपरात दोन ओळी छापून यायच्या की अमुक बेटाने एकीचं दर्शन घडवलं. ते कात्रण पोस्टाने खोलीत यायचं आणि फ्रिजला चिकटायचं.

बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा पहिल्यांदा थोडी पंचाईत झाली. पण अण्णांनी ती लगेच सोडवली. ज्या जागा राखीव झाल्या तिथे आपापल्या बायका उभ्या करायच्या. "सही करूक येता मा? झाला तर," ते म्हणाले. पाच वर्षं त्या बायकांनी सह्या केल्या. ठराव कशाचा होता ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि विचारणारं कुणी नव्हतं. पुढची निवडणूकही तशीच झाली.

मग दादा गेला. शुऐबाला एका कंत्राटदाराच्या कामावर टाकी साफ करायला आत उतरला आणि वर आला नाही. मी त्याच आवारात, जेमतेम हाकेच्या अंतरावर, एका पंपाची वायर बदलत होतो. सायरन झाला तेव्हा मला वाटलं ड्रिल असेल, आठवड्यातून एकदा व्हायचं. पेटी घेऊन मी गावी गेलो. ओहोटी होती. दादाची पेटी चौघांनी डोक्यावर धरून चिखलातून आणली, मधे एकाचा पाय रुतला आणि पेटी कलली. पेटी कलली तेव्हा वहिनीने तोंडावर हात ठेवला, त्यानंतर ती रडली नाही. घरात आता आई, वहिनी आणि वहिनीची लहान मुलगी एवढ्याच उरल्या. माझं लग्न झालेलं नव्हतं, पुढे झालंही नाही. मी परत कुवेतला आलो, कारण घरात कमावणारा दुसरा कुणी नव्हता.

त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली जागा राखीव आली, आणि सरपंचपदही या खेपेला बाईसाठी राखीव निघालं. अण्णांची बायको आमच्याच प्रभागातली. ती सरपंच होणार यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. नारळ ठेवला, गाऱ्हाणं झालं. अर्ज बाद झाला तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक जागेला एक डमी अर्ज भरायची रीत होती. अण्णा मला म्हणाले, "तुझ्या वयनीचो भरून ठेव. मागे घेवचो आसा."

मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "डमी म्हणजे काय ओ, भावजीनू?"

मी समजावलं.

"म्हणजे नावापुरता उभ्या रवाचा आणि मागसून बसाचा. असाच मा?"

"असाच," मी म्हटलं.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. तेव्हा नवा नियम आला होता की ठरलेल्या तारखेनंतर तिसरं मूल झालेल्या माणसाला ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही. नियम खोलीत सगळ्यांना माहीत होता, पेपर यायचा आमच्याकडे. पण आपल्यापैकी कुणाला मुलं किती, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आम्हाला मुलं रजेच्या हिशेबाने ठाऊक. अण्णांना दोन मुली होत्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. शेवटच्या रजेनंतर मुलगा झाला होता, त्याचे पेढेही आम्ही खाल्ले होते, पण तो अण्णांनी स्वतः अजून पाहिला नव्हता. न पाहिलेलं मूल मोजायचं कुणाला सुचणार? छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत साहेबाने अण्णांच्या बायकोला विचारलं, मुलं किती. ती बिचारी कौतुकाने म्हणाली, तीन. तिसरा कडेवरच होता.

तिचा अर्ज बाद झाला आणि डमी तेवढा उरला. वहिनी बिनविरोध निवडून आली आणि अण्णांच्या उपकारातलं घर, ऐकेल, म्हणून सदस्यांनी महिनाभरात तिलाच सरपंच केलं.  खोलीत एकजण हळूच म्हणाला की अण्णांची रजा फारच फळाला आली, आणि मला इतकं हसू आलं की मी बाहेर जिन्यात जाऊन हसलो. अण्णांनी ते ऐकलं असणार.

पण अण्णा खचणारे नव्हते. त्यांनी वहिनीला फोन केला. "आमी हयसून सांगतलंव तशी सही कर," म्हणाले. ती "बरा" म्हणाली. वर्षभर तिने केल्या सह्या.

मग धक्क्याचं प्रकरण आलं. होडी लावायला पक्का धक्का बांधायचे पैसे जिल्हा परिषदेकडून मंजूर झाले. जागा ग्रामपंचायतीने ठराव करून सांगायची. गावकीला धक्का देवळासमोर हवा होता. जत्रेला देवाची पालखी पलीकडे जाते, चाकरमानी येतात, फोटो काढतात. पण देवळासमोर ओहोटीला पाणीच नसतं, धक्का बांधून तो चिखलातच उभा राहणार. खोल पाणी बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे कुठल्याही वेळी होडी तरंगते. पण त्या टोकाला बौद्धवाडी. पालखी तिथून जाणार नाही, हे गावकीने आधीच सांगून टाकलं.

वहिनीने ठराव दुसऱ्या टोकाचा मांडला. त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारची एक बाळंतीण ओहोटीच्या वेळी चिखलात डोलीतच गेली होती. डोली धरणाऱ्यांना वहिनी कंदील दाखवत होती. अण्णांनी मला फोनजवळ बसवलं आणि नंबर फिरवला, की मी तिला समजवावं. मी विचारलं, "वयनी, देवळाकडे कित्याक नको?"

"पालखी वर्साक एकदा जाता. बाळंतीण भरतीची वाट बघूक रवता काय?" ती म्हणाली. "तुमच्या खोलयेत कोण रवता चिखलात? सांगा माका."

मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णा म्हणाले, "तिका सांग राजीनामा देवक."

"मी सांगूचंय नाय," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांना नाही म्हटलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण संताप इतका चढला होता की भीतीला जागाच नव्हती. माझ्या भावाला चिखलातून कलत नेलेलं यांच्यापैकी दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा ते रजेवर होते. तेही अण्णांच्या मागे मान डोलवत बसले होते.

तिच्यावर अविश्वास ठराव आणायचा प्रयत्न झाला, पण बाई सरपंचाला काढायला जास्त मतं लागतात आणि एक सदस्य ऐन दिवशी पोटात दुखतं म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन झोपला. त्याचं पोट खरंच दुखत होतं का, ते त्यालाच माहीत. ठराव पडला. दुसऱ्या आठवड्यात गावकी देवळात बसली आणि आमचं घर वाळीत टाकलं. आमच्या दारात कुणी यायचं नाही, आमच्याशी बोलायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, होडीत घ्यायचं नाही. आणि गावकीने हरकत घेतल्यामुळे धक्क्याचं काम जिल्हा परिषदेने थांबवून ठेवलं ते ठेवलंच.

घर वाळीत म्हणजे मीही वाळीत. त्या शुक्रवारी खोलीत नारळ ठेवला गेला आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी जिन्यात उभा राहून "होय म्हाराजा" ऐकलं. संध्याकाळी भाताच्या पातेल्याभोवती सगळे बसले तेव्हा माझं ताट मांडलेलं नव्हतं.  

लोक विचारतात, तू खोली का सोडली नाहीस. दुसरी खोली परवडणारी नव्हती, हे एक. पण खरं कारण माझा हट्ट. मी गेलो असतो तर त्यांना सोयीचं झालं असतं. त्यांनी मला बघायला हवं होतं, रोज, उठताना आणि झोपताना. मी वेगळी शेगडी आणली, सगळ्यांचं झालं की आपला भात शिजवायचा. एकाच खोलीत एवढी माणसं, आंघोळीच्या रांगेतसुद्धा माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. कुवेतच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की तोच तेवढा माझ्यासमोर मुकाट्याने ठेवला जायचा, कारण इलेक्ट्रिशियन मीच होतो. मी दुरुस्त करून द्यायचो. मलाही झोपायचं होतं.

वहिनीकडे बौद्धवाडीतल्या एका म्हाताऱ्याची कालवं काढायची छोटी होडी होती, म्हणजे तो तिला नेऊन आणून सोडायचा. किराणा ती तालुक्याहून आणायची. मुलगी शाळेत एकटी बसायची. आईला हे सगळं झेपत नव्हतं. तिचं सगळं आयुष्य त्या विहिरीवरच्या गप्पांत गेलेलं, आणि आता ती विहिरीवर गेली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. वहिनी तालुक्याहून फोन करायची तेव्हा म्हणायची, "माझा काय नाय, भावजीनू. पण आई घरातल्या घरात सुकतत." मी दोघींना सांगायचो, सोडा ते बेट, तालुक्याला खोली घ्या, मी पैसे पाठवतो. आई ऐकायची नाही. नवऱ्याचं घर सोडून भाड्याच्या खोलीत मरायचं नाही, म्हणायची.

ती मेली त्या दिवशी मी शुऐबाला कामावर होतो. आवारात मोबाईल नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी सुटलो तेव्हा बॅटरी संपलेली होती. खोलीत आलो तर टीव्ही बंद होता. शुक्रवार नसूनही सगळे घरात होते. दोघे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अण्णा चटईवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. मला वाटलं, कुणाचा तरी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अडकला असेल. विचारणार कुणाला? मी हातपाय धुतले, शेगडी लावली, आदल्या दिवशीची सुरमईची आमटी गरम केली आणि भिंतीला टेकून जेवलो. काटे काढून, सावकाश, कारण भूक लागली होती. कुणीतरी मधेच उठून बाहेर गेलं.

ताट धुऊन मी खाली बकाल्यात सिगारेट आणायला गेलो. दुकानदार मल्लू, बरीच वर्षं ओळखीचा. त्याने पैसे घेतले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "भाई, तुम्हारी माँ गुजर गई. तुम्हारे रूमवाले बोले, तुम बोल दो."

दुपारपासून सगळ्यांना माहीत होतं. अण्णा रात्रपाळी करून खोलीवरच होते, बेटावरून त्यांना फोन आला होता. वाळीत टाकलेल्याशी बोलायचं नाही, म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी त्यांच्यासमोर मासे खात असताना ते बघत बसले. मी आजवर पुष्कळ माणसांना शिव्या दिल्या आहेत, बहुतेकांना माफही केलं आहे. त्या संध्याकाळच्या खोलीला मी माफ केलेलं नाही.

वहिनीकडून नंतर सगळं कळलं. पहाटे आईला दम लागला. ओहोटी होती. मोठी होडी देवळासमोर चिखलापलीकडे पाण्यात उभी होती, होडीवाला तिच्यात बसलेला होता, आणि वहिनीने हाका मारल्या तरी तो जागचा हलला नाही. मग ती बौद्धवाडीकडे धावली. तिथल्या दोघांनी आईला खुर्चीत बसवून चिखलातून त्या छोट्या होडीपर्यंत नेलं. होडीतच ती गेली. दुकानातला फोन वहिनीला मिळाला नाही. तालुक्याला जाऊन तिने मला लावला तेव्हा माझा मोबाईल गेटवर बंद पडलेला. आईला खांदा दिला तोही बौद्धवाडीने.

मी गेलो. बाराव्याला आमच्या ओटीवर वहिनी, तिची मुलगी, मी आणि बौद्धवाडीतली चार माणसं. भटजी आला नाही. मी वहिनीला म्हटलं, "आता तरी चल. आवशीसाठी अडकलेलंव, ती पण गेली. चेडवाचा तरी बघ."

तिने उष्ट्या पत्रावळी गोळा करून ठेवल्या. मग म्हणाली, "आणखी एकदा उभी रवतंय. लोकांनी पाडल्यानी तर जातलंय. तुमच्या खोलयेन काढला म्हणान जावचंय नाय."

आता एकच गोष्ट ठरायची होती. हरली तर ती मुलीला घेऊन कायमची बेट सोडणार होती. मला ती हरायला हवी होती. तिच्याशी बोलणारी माणसं असलेल्या एखाद्या गल्लीत ती राहावी, असं मला वाटत होतं.

त्याच सुमारास कुवेतमध्ये बायकांना पहिल्यांदा मत मिळालं. शुक्रवारी मी सुलैबियाच्या एका तंबूवाल्याकडे फुटकळ काम करायचो. निवडणुकीत उमेदवार मोठमोठे तंबू घालतात, आत गालिचे, चहा, जेवण, भाषणं. त्यांचे दिवे आणि कूलर बसवायचं काम माझ्याकडे. तंबूवाल्याचा इजिप्शियन मुकादम सांगायचा, की इथल्या काही कबिल्यांतही आधी आपापसांत बसून आपला माणूस ठरवतात, कायद्याने बंदी आली तरी बसतातच. मी म्हटलं, आम्हाला कोण सांगतं. त्या वर्षी पहिल्यांदा बायकांसाठी वेगळे तंबू घातले होते. दिवे लावून होईपर्यंत बायका यायला लागल्या, मग आम्हाला मागच्या बाजूने बाहेर काढलं. खोलीत त्यावर चर्चा चालली होती, माझ्याशी नव्हे, माझ्यादेखत. अण्णा म्हणाले, "बायल काय येगळा मत देता? घरातला मत एकच आसता."

पुढच्या वर्षी आमची निवडणूक आली. जागा पुन्हा बायकांसाठी राखीव होती. गावकीने अण्णांच्या पुतण्याची बायको उभी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या प्रभागात खरोखरचं मतदान होणार होतं. बौद्धवाडी दुसऱ्या प्रभागात, तेव्हा तिकडची मतं वहिनीला मिळणार नव्हती. तिला जे काय मिळणार ते वाळीत टाकणाऱ्या घरांतूनच. देवळात घराघरातल्या पुरुषाला बोलावून नारळावर हात ठेवून बोलून घेतलं. जे घरी नव्हते त्यांच्यासाठी मिरकाबच्या खोलीत नारळ ठेवला. मला बाहेर काढलं, मी जिन्यात उभा राहिलो. मग प्रत्येकाने घरी फोन करून बायकोला चिन्ह सांगितलं. कुणाकुणाने दोनदा सांगितलं.

वहिनी प्रचाराला कुठे जाणार? तिला कुणी दार उघडत नव्हतं. मतदानाच्या दिवशी ती सकाळी मत टाकून घरी येऊन बसली.

निकाल लागला तेव्हा अण्णा फोन कानाला लावून चटईवर बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी नुसता थांबला. मग म्हणाले, "फिरून मोजल्यानी?" पलीकडून काहीतरी सांगितलं. त्यांनी फोन खाली ठेवला. वहिनी निवडून आली होती. थोड्या मतांनी, पण आली होती.

आमच्या प्रभागात पुरुष किती राहतात ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काही म्हातारे, दुकानदार, होडीवाला. बाकीचे मुंबईला, नाहीतर इथे माझ्यासमोर. मतदानाला बायकाच होत्या. हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं असावं, कारण एकही माणूस दुसऱ्याकडे बघेना. मग एकजण उठून मोबाईल घेऊन जिन्यात गेला. तो परत आला, दुसरा गेला. जिन्यात आवाज घुमतो, पलीकडून बायको काय बोलते तेही आत ऐकू यायचं. प्रत्येकीचं उत्तर एकच होतं.

"तुमी सांगलास थयच दिलंय."

सगळ्यात शेवटी अण्णा गेले. त्यांना त्यांच्या बायकोनेही तेच सांगितलं. ते आत आले, माझ्या पलंगासमोर उभे राहिले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "तुझ्या वयनीक इचार," म्हणाले, "माझ्या घरातला मत तिका गेला काय."

आई गेल्याचं सांगायला जी जीभ वळली नव्हती, ती यासाठी वळली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि काही बोललो नाही. त्यांनीच घालून दिलेला नियम होता.

दुसऱ्या दिवशी, आईच्या बाराव्यानंतर घेऊन दिलेल्या मोबाईलवर, मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, अभिनंदन करायला कोण कोण आलं?

"कोण येतला? वाळीत आसंव मा आपण." ती म्हणाली. "सकाळी बावडेर गेलंय. बायल्यो बाजूक झाल्यो, रोजच्यासारख्यो. मी एकेकीच्या तोंडाकडे बघी होतंय. ह्यांतलीच कोणतरी, ह्यांतल्योच किती जणी. एकीनपण मान वर करूक नाय."

मी म्हटलं, "सरपंच तर ते त्येंचोच करतले. धक्को काय होवचो नाय. तू चल आता तालुक्याक."

मग मला कळलं की ती रडते आहे. दादा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही.

"हरलंय असतंय तर चेडवाक घेवन आजच गेलंय असतंय, भावजीनू," ती म्हणाली. "आता खंय जातलंय? त्येंनी मतां दिल्यानी माका."

ती बेटावरच राहिली. तिच्याशी पुढेही कुणी बोललं नाही.